मारुती चितमपल्ली: वनखात्यातला अधिकारी मराठीचा 'अरण्यऋषी' कसा झाला?

मे महिना संपत आला की लातूर, नांदेडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. कावळ्यानं झाडाच्या पूर्वेला घरटं बांधलं तर पाऊस चांगला, अगदी शेंड्यावर बांधलं तर दुष्काळ, बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधलं तर पाऊस कमी. मेसेजच्या शेवटी नाव असतं मारुती चितमपल्ली. बऱ्याचदा सोबत पांढऱ्या दाढीतला त्यांचा फोटोही असतो.

लातूरनं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं आहे. तिथं पावसाविषयीचा कुठलाही मेसेज कुणी सहज पुसून टाकत नाही. पण ज्यांच्या नावावर हा मेसेज फिरतो ते चितमपल्ली नक्की कोण होते? ते ज्योतिषी नव्हते आणि हवामानतज्ज्ञही नव्हते. आयुष्याची उमेदीची वर्षं जंगलात नोकरी करत, पाहिलेलं आणि ऐकलेलं वहीत उतरवत राहिलेला हा माणूस होता. त्या वह्यांतूनच पुढं मराठीतलं सगळ्यात मोठं अरण्यलेखन उभं राहिलं.

सोलापूर ते कोईमतूर

चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूरचा. घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीतून. हातमाग आणि गिरण्यांच्या या शहरात घनदाट जंगल नाही. झाडं, पक्षी आणि प्राणी यांची ओळख त्यांना लहानपणी आधी घरातून झाली. आईकडून आणि मामाकडून ऐकलेल्या, त्यांच्यासोबत पाहिलेल्या रानाच्या आठवणी पुढं त्यांच्या आत्मचरित्रात आल्या.

१९५८ ते १९६० या काळात त्यांनी कोईमतूरच्या वन महाविद्यालयात प्रशिक्षण घेतलं. झाडांची शास्त्रीय ओळख, जंगलाची मोजणी, लागवड, तोड, वणव्यापासून बचाव असं वनाधिकाऱ्याला लागणारं शिक्षण तिथं मिळत असे. त्यानंतर ते वनखात्यात रुजू झाले आणि १९९० मध्ये निवृत्त झाले.

नोकरीत काय केलं?

चितमपल्लींच्या सेवाकाळातच महाराष्ट्रात वन्यजीव संरक्षणाची घडी बसत होती. रायगडमधलं कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ चं, नागझिरा अभयारण्य १९७० चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. १९७२ मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि मेळघाट त्यातल्या पहिल्या नऊ ठिकाणांपैकी एक ठरलं. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा आणि मेळघाट या चारही जंगलांच्या जडणघडणीत चितमपल्लींचा वाटा होता.

त्यांच्या लेखनावर सगळ्यात खोल ठसा उमटला तो नवेगावबांधचा. हे ठिकाण आज गोंदिया जिल्ह्यात आहे, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं. इथला विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानलं जातं. कोहळी हा पूर्व विदर्भातला तलाव बांधण्यात वाकबगार समाज. हिवाळ्यात या पाण्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. काठावर गोंड आणि कोहळी वस्त्या आहेत, पाण्यात मासेमारी करणारे ढिवर आहेत.

इथंच त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. माधवरावांकडं वनशास्त्राची पदवी नव्हती. पण तलाव, पक्षी आणि जनावरांची त्यांची जाण मोठमोठ्या अभ्यासकांना थक्क करणारी होती. चितमपल्लींच्या लेखनात ते वारंवार भेटतात. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक याच काळातल्या अनुभवांचं.

रोजनिशीचं पुस्तक कसं झालं?

वनखात्यात दौऱ्याची नोंद ठेवणं हा नोकरीचाच भाग असतो. कुठं गेलो, काय तपासलं, काय आढळलं, हे लिहावं लागतं. चितमपल्लींनी ही सवय सरकारी कागदापुरती ठेवली नाही. कोणता पक्षी कुठं, कोणत्या वेळी, काय खाताना दिसला, घरटं कोणत्या झाडावर होतं, गावकरी त्याला काय म्हणतात, त्याच्याविषयी कोणती गोष्ट सांगतात, हे सगळं ते टिपत गेले.

रानात अभ्यास करणाऱ्या संशोधकाची वहीही साधारण अशीच असते. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं. फरक पुढच्या टप्प्यावर पडतो. संशोधक त्या नोंदींमधून आकडे वेगळे काढतो आणि शोधनिबंध लिहितो. नोंदीतला माणूस, त्याचं बोलणं, त्या दिवशीचा उजेड, हे बाजूला राहतं. चितमपल्लींनी नेमकं हे बाजूला राहणारं जपलं. त्यामुळं त्यांच्या लेखात पक्ष्याची शास्त्रीय माहिती असते आणि तो पक्षी ज्यानं दाखवला तो ढिवर किंवा कोरकू माणूसही असतो.

'पक्षी जाय दिगंतरा' हे त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक. त्याचं नाव संत जनाबाईंच्या अभंगातले शब्द घेऊन ठेवलं आहे. जनाबाई परंपरेनुसार परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. म्हणजे विदर्भातल्या जंगलांवर लिहिणाऱ्या या लेखकाच्या पुस्तकाचं नाव मराठवाड्याच्या संत कवयित्रीच्या शब्दांतून आलं आहे. पुढं 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'शब्दांचं धन', 'केशराचा पाऊस', 'निसर्गवाचन' अशी पुस्तकं येत गेली. 'चकवाचांदण: एक वनोपनिषद' हे त्यांचं आत्मचरित्र.

नांदेडचं ऋण

चितमपल्लींच्या लेखनात संस्कृत ग्रंथांचे दाखले सतत येतात. ही भाषा ते पारंपरिक पद्धतीनं, शास्त्री-पंडितांकडं बसून शिकले. त्यांच्या गुरूंमध्ये नांदेडचे यज्ञेश्वरशास्त्री कस्तुरे यांचं नाव घेतलं जातं. मराठवाड्याशी असलेला त्यांचा हा धागा फारसा कुणाला माहीत नसतो.

वनाधिकाऱ्यानं संस्कृत कशासाठी शिकावं? कारण पशुपक्ष्यांविषयीचं बरंच जुनं निरीक्षण या भाषेत आहे. हंसदेव या जैन पंडितानं तेराव्या शतकात लिहिलेला 'मृगपक्षिशास्त्र' हा ग्रंथ त्याचंच उदाहरण. त्यात प्राणी-पक्ष्यांचे प्रकार, स्वभाव आणि सवयी यांचं वर्णन आहे. हा ग्रंथ मराठीत आणण्याचं काम चितमपल्लींनी केलं. याशिवाय त्यांनी जर्मन आणि रशियन या भाषांचाही अभ्यास केला होता.

मराठीला दिलेले शब्द

चितमपल्लींनी मराठीला एक लाख शब्द दिले असं सर्रास सांगितलं जातं. या आकड्यात अडकण्यापेक्षा त्यांचे दोन-चार शब्द पाहिले तर काम जास्त नीट कळतं.

बगळे, करकोचे असे पाणपक्षी पुष्कळदा एकाच झाडावर किंवा झाडांच्या पुंजक्यावर शेकडोंनी घरटी करतात. इंग्रजीत अशा जागेला हेरॉनरी म्हणतात. चितमपल्लींनी त्याला शब्द दिला 'सारंगागार'. कावळ्यांच्या अशा वसाहतीला 'काकागार'. पक्षी रात्री थव्यानं मुक्काम करतात ती जागा म्हणजे 'रातनिवारा'.

यातला 'आगार' प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. एसटीच्या फलकावर 'लातूर आगार' लिहिलेलं असतं तोच हा शब्द. गाड्यांचा मुक्काम असतो ते आगार, तसं पक्ष्यांचंही आगार. शब्द नवा आहे, पण शब्दकोश न उघडता कळतो.

मात्र त्यांच्या कामाचा मोठा भाग नवे शब्द घडवण्याचा नव्हता, जुने शब्द हरवू न देण्याचा होता. एकच पक्षी दर पन्नास कोसांवर वेगळ्या नावानं ओळखला जातो. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, काळ्या अंगाचा भारद्वाज घ्या. कुणी त्याला कुंभारकावळा म्हणतं, कुणी कुकुडकुंभा. विज्ञानात त्याचं एकच नाव आहे, 'सेंट्रोपस सायनेन्सिस'. शास्त्रज्ञाला ते एक नाव पुरतं. पण गावातला म्हातारा 'कुकुडकुंभा' म्हणाला आणि ऐकणाऱ्याला ते कळलं नाही, तर त्या पक्ष्याविषयी म्हाताऱ्याला जे ठाऊक आहे तेही त्याच्यासोबत जातं.

म्हणून त्यांनी कोश केले. 'पक्षिकोश' हा त्यांतला सगळ्यात परिचित. प्राणी, मासे आणि वृक्ष यांच्या कोशांचं कामही त्यांनी हाती घेतलं. पुस्तकी नाव आणि लोकांच्या तोंडचं नाव एकमेकांना भेटावं, ही त्यामागची धडपड होती.

कावळा खरंच पाऊस सांगतो का?

आता त्या मेसेजकडं येऊ. पशुपक्ष्यांच्या वागण्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याचे आडाखे आदिवासी, शेतकरी आणि मासेमार यांच्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. चितमपल्लींनी ते ऐकले, स्वतः निरीक्षणं केली आणि लिहिले. हे मोलाचं काम आहे. पण त्यांची नोंद आणि फोनवरचा मेसेज यांत एक मोठा फरक पडतो. मेसेजमधून ठिकाण, साल आणि कुणी सांगितलं हे गळून जातं. उरतो तो फक्त छातीठोक नियम.

एखादा आडाखा खरा आहे का हे तपासायचं तर सलग बरीच वर्षं, एकाच परिसरातली, शक्य तितकी घरटी मोजावी लागतील. त्या त्या वर्षीचा पाऊस शेजारी मांडावा लागेल. आडाखा खरा ठरला ती वर्षं आणि फसला ती वर्षं, दोन्ही लिहावी लागतील. माणसाला खरं ठरलेलं लक्षात राहतं आणि फसलेलं तो विसरतो. अशी मोजणी हाती नसेल तर कावळ्याच्या घरट्यावरून पेरणीचा दिवस ठरवणं धोक्याचं आहे. त्यासाठी हवामान विभागाचा अंदाज आणि जमिनीतली ओल हेच पाहावं लागतं. दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे सोयाबीन पेरणाऱ्या लातूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

तरी सगळे आडाखे एका झटक्यात निकालात काढणंही चूक आहे. काहींच्या मागं ठोस कारण सापडतं.

चातक हा त्यातला उत्तम नमुना. भारतात चातकाचे दोन गट आहेत. एक दक्षिणेत वर्षभर राहतो. दुसरा आफ्रिकेतून येतो आणि त्याचं येणं मान्सूनच्या आगेमागेच असतं. चातक स्वतः घरटं बांधत नाही. तो सातभाईसारख्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो. पाऊस पडला की किडे, अळ्या वाढतात आणि पिल्लांना खाणं मिळतं. म्हणजे चातक पाऊस आणत नाही आणि त्याची भविष्यवाणीही करत नाही. त्याची वीण पावसाच्या वेळापत्रकाला जोडलेली आहे, इतकंच. पण 'चातक दिसला, पाऊस जवळ आला' हे म्हणणं पुष्कळ अंशी निरीक्षणातूनच आलेलं आहे.

पावशाचंही तसंच. 'पेरते व्हा' असं त्याच्या ओरडण्यातून शेतकऱ्याला ऐकू येतं. उन्हाळ्याच्या अखेरीला नर जोडीदाराला साद घालत असतो. तो काळ आणि पेरणीच्या तयारीचा काळ एकच असल्यानं हा संबंध जुळला. पाऊस किती पडणार हे मात्र पावशाला माहीत नसतं.

'निळावंती'चं गूढ

चितमपल्लींच्या नावाशी जोडलेला आणखी एक विषय सोशल मीडियावर गाजतो. 'निळावंती' नावाचा एक शापित ग्रंथ आहे, तो वाचला की पशुपक्ष्यांची भाषा कळते, पण वाचणारा वेडा होतो किंवा मरतो, असं सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर ढीगभर आहेत. त्यांत पुष्कळदा चितमपल्लींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवलं जातं.

निळावंती ही महाराष्ट्रातल्या लोककथांमधली स्त्री. तिला प्राणी-पक्ष्यांची बोली समजत असे, अशी ही कथा. चितमपल्लींनी 'निळावंती' नावाचं पुस्तक लिहिलं, ते दुकानात विकत मिळतं आणि आजवर असंख्य लोकांनी घरी बसून वाचलं आहे. ते शापित बिपित नाही. खऱ्या निळावंतीची पीडीएफ म्हणून जे पैसे घेऊन विकलं जातं, त्यापासून मात्र लांब राहिलेलं बरं.

पण या गोष्टीतून चितमपल्लींच्या लेखनाची एक बाजू दिसते. त्यांच्या पानांवर डोळ्यांनी पाहिलेलं, लोकांकडून ऐकलेलं आणि जुन्या ग्रंथांत वाचलेलं शेजारी शेजारी नांदतं. वाचताना या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर त्यांचं लेखन अधिक उपयोगी पडतं. दंतकथा ही दंतकथा म्हणूनही मोलाची असते. तिला प्रयोगशाळेचा निष्कर्ष समजलं की घोटाळा होतो.

जंगलातून पुस्तकाकडं गेलेले आणखी कोण?

मराठीत ही वाट चितमपल्लींची एकट्याची नाही, पण प्रत्येकाची सुरुवात वेगळी आहे. व्यंकटेश माडगूळकर आधी लेखक होते, मग जंगलात गेले. नागझिऱ्यात मुक्काम करून त्यांनी 'नागझिरा' लिहिलं. चितमपल्ली आणि त्यांचा स्नेह होता. कृष्णमेघ कुंटे विद्यार्थी असताना मुदुमलाईच्या जंगलात संशोधनाच्या कामासाठी राहिले. त्या दिवसांवरचं 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे पुस्तक मराठीत खूप वाचलं गेलं. ते पुढं फुलपाखरांचे शास्त्रज्ञ झाले. चितमपल्लींचं वेगळेपण असं की जंगलाची नोकरी आणि लेखन या दोन्ही गोष्टी त्यांनी कित्येक वर्षं एकत्र चालवल्या आणि निवृत्तीनंतरही लिहिणं थांबवलं नाही.

सन्मान आणि अखेर

२००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जंगलावर लिहिणाऱ्या माणसाला हा मान मिळाला आणि तोही त्याच्या जन्मगावी. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयुष्याचा मोठा काळ विदर्भात घालवून अखेरीस ते सोलापूरला परतले होते. तिथंच १८ जून २०२५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाची एक आठवण सरकारी दिनदर्शिकेतही आहे. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. राज्य सरकारनं २०२० मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा.

लातूरला याचं काय?

लातूर हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. जिल्ह्याच्या एक टक्का जमिनीवरही वनाच्छादन नाही. शेजारच्या नांदेडला किनवट-माहूरचं रान तरी आहे. त्यामुळं लातूरच्या पुष्कळ मुलांना जंगल पहिल्यांदा भेटतं ते पुस्तकातच, आणि ते पुस्तक बहुतेक वेळा चितमपल्लींचं असतं.

पण पाहण्यासारखं काही नाही असं मात्र नाही. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी ओळखलं जातं. माळरानावर टिटवी आहे, बांधावरच्या बाभळीत सुगरणीचे खोपे आहेत, विहिरीजवळ खंड्या आहे, गावठाणात सातभाईंचा कलकलाट आहे. त्यांना आजी-आजोबा काय म्हणतात हे विचारून लिहून ठेवणारं कुणी आहे का, एवढाच प्रश्न आहे. बांध कोरले जातात, बाभळी तुटतात, तसे खोपे कमी होतात. त्या पक्ष्याचं गावाकडचं नाव माहीत असलेली पिढीही आता थकली आहे.

म्हणून पुढच्या मे महिन्यात तो मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी एक करता येईल. गल्लीतल्या कावळ्याचं घरटं शोधायचं. झाड कोणतं, घरटं कोणत्या बाजूला, किती उंचीवर आणि तारीख काय, हे वहीत लिहायचं. सप्टेंबरअखेर त्याच पानावर तालुक्यात पडलेला पाऊस लिहायचा. मग पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पाचदहा वर्षांनी त्या वहीत जे असेल ते कुठल्याही मेसेजपेक्षा भरवशाचं असेल. चितमपल्लींनी जन्मभर केलं ते काम यापेक्षा फार वेगळं नव्हतं.